चार विसा तेरा

बँक म्हणते, संदेश पाठवलाय
शेवटी एकोणीस असलेल्या नंबरवर.
तो नंबर माझा नाही, आईचा आहे.
कुताइसीच्या शाखेत खातं उघडलं तेव्हा
माझ्याकडे देशाबाहेरचा नंबर नव्हता,
देशाबाहेरचं काहीच नव्हतं,
एक बॅग सोडून.
आता बदलायचा तर स्वतः हजर राहा, म्हणतात.
मी पोझनानला, गोदामात, रात्रपाळीला.

म्हणून गुरुवारी सहाला
ती रबरी बूट चढवून वर जाते.
गावात रेंज नाही. रेंज कबरस्तानात,
वरच्या कुंपणापाशी,
जिथे बाबांच्या दगडाशेजारी बाक आहे.

"आला," ती म्हणते. फोन कानावरून निघतो.
चष्म्याची डबी टक् करते.
तेवढा वेळ मला नुसता वारा ऐकू येतो,
आणि खाली कुणाचं तरी कुत्रं.

"लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नका."
दर वेळी तेच लिहिलेलं असतं, आई.
"मग तू कोण?"
मी बाद्री.
"बाद्रीला चालतं का, ते नाही लिहिलेलं."

आमच्याकडे मोजणी विसांची.
"चार विसा तेरा," ती म्हणते.
मी मनात जुळवतो, त्र्याण्णव दाबतो.
"दोन विसा... अरे, नोदारच्या मक्यात अस्वल शिरलं परवा...
दोन विसा सतरा."
सत्तावन्न. पुढचं, आई.
"पोटात काही गेलं का?"
गेलं. पुढचं.
"काय गेलं?"

नव्वद सेकंद संपतात.
पडदा लाल होतो.
"गेला का? जाऊ दे, दुसरा मागव."
आवाजात दुःख नाही, काडीचंही.

आणि भरायचं काय असतं? तिच्याच विजेचं बिल.
तिच्या दिव्याला तिची परवानगी,
दोन हजार किलोमीटरचा वळसा घालून.

पाळीवरची व्येस्वावा म्हणते, ॲप घाल.
आकडे तुझ्याच फोनवर उगवतील,
दर तीस सेकंदांनी ताजे.
म्हातारीला कशाला डोंगर चढवतोस?
खरंय तिचं.
गुडघे आईचे, सोय माझी.
मी ॲप उतरवून घेतलं त्याच रात्री.

मग मार्चात,
फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावताना,
काही कारण नसताना आठवलं:
आई ओनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
सव्वीस वर्षं.
शाळा सुटली की मी तिच्या स्टुलापाशी बसायचो.
दोन-नऊ-चार-शून्य-सहा, देते, बोला.
तापल्या कढईत मोहरी तडतडावी तसे आकडे.
तेव्हा ती विसांत नव्हती मोजत.
तेव्हा अस्वल नव्हतं.
"लाइन अडवू नका," लोकांना दटावायची,
"मागे माणसं ताटकळलीत."

मला हे माहीत नव्हतं असं नाही.
माहीत होतं. तीन वर्षं
ते आणि चार विसा तेरा
शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं, इतकंच.

बँकेच्या मदतीच्या पानावर लिहिलंय,
दार उघडायला दोन गोष्टी लागतात:
एक तुम्हाला माहीत असलेली,
एक तुमच्याजवळ असलेली.
पहिली सोपी. मेलेल्या कुत्र्याचं नाव आणि जन्मसाल.
दुसरीसाठी मी घड्याळ बघत बसतो
गुरुवारचा, पावणेसहापासून.

ॲप अजून विचारतं, आत्ता सुरू करायचं?
मी "नंतर" दाबतो.
बूट मात्र पाठवलेत,
आतून लोकरीचे, न घसरणारे.
पोचले म्हणाली. घट्ट होतात म्हणाली.
घालते मात्र.

काल तिने सांगितलं, तीन विसा अकरा.
मी एकाहत्तरच्या जागी सतरा दाबलं.
चुकलं, म्हटलं. पुन्हा मागवतो.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
"तू पण ना," ती म्हणाली,
आणि चष्मा डबीत ठेवल्याचा आवाज आला,
टक्,
आणि मग, सावकाश,
डबी उघडल्याचा.